लक्ष्मीबाईंचे दागिने आणि आजची फी

(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा भागातील शिक्षणाची गोष्ट सांगायची तर ती एका स्त्रीच्या दागिन्यांपासून सुरू करावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना जेवू घालायला धान्य उरले नाही, की लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. असे करता करता सगळे सोने संपले आणि अखेर मंगळसूत्रही मोडावे लागले. वसतिगृहातली मुले त्यांच्या पोटची नव्हती. ती मराठ्यांची होती, जैनांची होती, मुसलमानांची होती, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांचीही होती. ती एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत बसून खात होती. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आजही या दोन जिल्ह्यांत शिक्षणासाठी दागिने गहाण पडतात. बारावीचा आणि प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि घरातली बाई पदराच्या गाठीला डबी बांधून पतसंस्थेची पायरी चढते. त्याग तोच आहे, सोनेही तेच आहे. परंतु लक्ष्मीबाईंच्या सोन्यातून सर्वांसाठी एक घर उभे राहिले. आजच्या आईच्या सोन्यातून एका मुलाची एका वर्षाची पावती फाटते. शंभर वर्षांच्या आत, त्याच कृष्णाकाठी, हा बदल कसा घडला, कोणी घडवला आणि तो उलटवता येईल की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

फी न घेणारी परंपरा

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांचा इतिहास एक आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी जो मुद्दा मांडला, तो आजच्या प्रश्नाचा पाया आहे. सरकारची तिजोरी रयतेच्या कष्टाने भरते आणि त्या तिजोरीतून वरिष्ठ वर्गाची मुले उच्च शिक्षण घेतात, हा त्यांचा आक्षेप होता. शिक्षणाचा खर्च कोण उचलतो आणि फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न या मातीतल्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. पुढे मुंबईत असताना या मुलाला पुस्तके हवी असली, की सुभेदार रामजी विवाहित मुलींकडे जाऊन उसने पैसे आणत. प्रसंगी मुलीचा दागिना गहाण ठेवून पुस्तक घरी येई. पित्याच्या आणि बहिणींच्या या त्यागाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेचा पुढचा भाग मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. कुटुंबाचा हा त्याग शालेय शिक्षणाला पुरला. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातली पदवी पुरी झाली आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाची वाट खुली झाली, ती महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे. बाबासाहेबांएवढी बुद्धी आणि रामजींएवढा निर्धार असलेल्या घरालाही उच्च शिक्षण एकट्याच्या बळावर पेलवले नाही. तेथे सार्वजनिक पैसा लागला. जे त्या घराला जमले नाही, ते आज जत आणि माण तालुक्यांतल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून अपेक्षिले जात आहे.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आले. १९२७ साली गांधीजींनी तेथील वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षीच, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर चालणारे ते महाविद्यालय होते. मुलांनी माळ खणले, दगड फोडले, शेती केली, इमारतींच्या भिंती रचल्या आणि शिक्षण घेतले. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद होते. पण त्या स्वावलंबनाचा अर्थ ‘ज्याने त्याने आपली फी भरावी’ असा नव्हता. मुलाने श्रम द्यावेत, गावाने मूठभर धान्य द्यावे, सरकारने अनुदान द्यावे आणि या तिघांच्या आधारावर गरिबाच्या मुलाने मान ताठ ठेवून शिकावे, असा तो करार होता. १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबवले, तेव्हा लोकांनी आपली मूठ मोठी केली. त्या कराराला लोकांच्या लेखी किती मोल होते, याचा तो पुरावा होय.

महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास शासनानेही हाच धागा पुढे नेला. देवराष्ट्रे गावच्या यशवंतराव चव्हाणांना गरिबीतून शिकण्याचा अर्थ ऐकीव माहितीवरून समजून घ्यावा लागला नव्हता. त्यांच्या कारकीर्दीत वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरांतील मुलांना फी माफ झाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत घरोघर पोचली, कारण त्या सवलतीने हजारो घरांतला पहिला पदवीधर घडवला. १९६० मध्ये कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९४७ पासून चालू होते आणि वालचंदांच्या नावाने चालणाऱ्या त्या महाविद्यालयाला शासनाचे अनुदान होते. जागा थोड्या होत्या, हे खरे. पण ज्याला जागा मिळाली, त्याच्या बापाला रान विकावे लागत नव्हते.

१९८३ चे वळण

या परंपरेला १९८३ साली वळण मिळाले आणि ते वळण देणारे नेतेही याच मातीतले होते. वसंतदादा पाटील हे काही धनिकांचे प्रतिनिधी नव्हते. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून, गोळ्या झेलत निघालेला तो क्रांतिकारक होता. सहकारी साखर कारखानदारी त्यांनी शेतकऱ्यांच्या दारात आणली. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९८३ साली खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक महाविद्यालये काढण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राची मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, हा पैसा इथेच राहिला तर इथेच महाविद्यालये उभी राहतील, शासनाकडे तर पैसा नाही, असा तो युक्तिवाद होता.

या निर्णयाचे फळ काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सांगली, वाळवा, कऱ्हाड या पट्ट्यात महाविद्यालये उभी राहिली. एरवी पुण्या-मुंबईचे तोंड न पाहिलेली मुले यंत्रज्ञ झाली, मुली घरापासून एका एस.टी.च्या अंतरावर शिकू लागल्या. पण या निर्णयाबरोबर एक तत्त्व बदलले. आधी महाविद्यालय चालवण्याचा खर्च समाजाचा होता आणि विद्यार्थी त्याचा लाभधारक होता. आता खर्च विद्यार्थ्याच्या घराचा झाला, आणि इमारत, जमीन, नाव व सत्ता मात्र संस्थेच्या चालकांची राहिली. अनुदान गेले ते केवळ आकडा म्हणून गेले नाही. त्याच्याबरोबर शासनाचा प्रश्न विचारण्याचा अधिकारही पातळ झाला.

हा बदल कोणत्या क्षणी झाला तेही पाहण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माण, खटाव, पाटण, जावळी या तालुक्यांतल्या असंख्य चुली गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत होत्या. संप चिघळला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मनीऑर्डर थांबली. म्हणजे ज्या सुमारास या भागातल्या कष्टकऱ्यांच्या घरातला रोख पैसा आटला, त्याच सुमारास शिक्षणाच्या दारावर रोख पैशाची अट लागली. या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या म्हणून वाचल्या जातात. घरातल्या आईने मात्र त्या एकत्र भोगल्या.

एका घराचा हिशेब

वाळवा तालुक्यात दोन एकर बागायत असलेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. हे गाव सुपीक, पाणी नदीचे. म्हणजे हे कुटुंब गरिबांतले गरीब नव्हे. जत-आटपाडीच्या तुलनेत ते सुखवस्तूच म्हटले जाईल. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो. एकरी ४० टन उतारा आणि टनाला ३,००० रुपये धरले, तर दोन एकरांचे २ लाख ४० हजार रुपये होतात. बेणे, खते, मशागत, पाणीपट्टी यांत निम्मे गेले असे समजू. हाती राहिले १ लाख २० हजार, आणि तेही दीड वर्षाचे. आता मुलाला विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख, राहणे-जेवण आणि इतर खर्च साठ हजार असे धरले, तर वर्षाचे १ लाख ६० हजार होतात. दीड वर्षाची सगळी शिल्लक एका वर्षाच्या खर्चालाही पुरत नाही. अजून घरातली धाकटी मुलगी, म्हातारी आई, दवाखाना आणि एखादे लग्नकार्य यांचा हिशेब मांडलेलाच नाही.

मग हे घर काय करते? आधी म्हैस विकली जाते. पिकासाठी सोसायटीतून उचललेले कर्ज फीकडे वळते, आणि खताला पैसे उरत नाहीत म्हणून पुढच्या वर्षीचा ऊस बारीक निघतो. त्यानंतर सोने पतसंस्थेत जाते. बायकांची भिशी, बचतगट, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता यांचा क्रम लागतो. शेवटी गावातला सावकार असतो, ज्याची नोंद २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याच्या दप्तरात कधीच सापडत नाही. कोरडवाहू भागात सुरुवातच शेवटच्या पायरीवरून होते. विटा-आटपाडीकडचा मुलगा गलाईच्या कामाला परमुलखात जातो आणि भट्टीच्या धुरात उभा राहून धाकट्या भावाची फी पाठवतो. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडीही तेच करतो. एका पदवीमागे अशी तीन-चार न शिकलेली आयुष्ये उभी असतात.

यात आणखी एक क्रूर गाठ आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे दिले पाहिजेत आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज दिले पाहिजे. हे व्याज किती शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा होते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिल हप्त्याहप्त्याने येते. फी मात्र ठरल्या तारखेला भरावी लागते. पुष्कळ ठिकाणी कारखान्याचे आणि महाविद्यालयाचे नेतृत्व एकाच घराकडे असते. मग शेतकऱ्याला देणे लागणारा आणि शेतकऱ्याकडून घेणे असणारा एकच माणूस असतो. देताना त्याच्याकडे सवड असते, घेताना मात्र तारीख असते.

या भागाने कर्जाविरुद्ध एकदा मोठी लढाई दिली आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारने याच गावांतून गांधीविवाह लावले. हेतू साधा होता: लग्नापायी शेतकऱ्याचे रान सावकाराकडे जाऊ नये. कृष्णाकाठच्या माणसाला लग्नाच्या कर्जातून सोडवण्यासाठी ज्यांनी प्राण पणाला लावले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज फीच्या कर्जात अडकली आहेत. लग्नाच्या उधळपट्टीला निदान नावे ठेवता येत होती. मुलाच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला कोण नावे ठेवणार? म्हणूनच ते अधिक मुकाट्याने सोसले जाते.

न्यायालयांचा प्रवास

देणगीच्या नावाने चाललेली लूट उघड झाली, तेव्हा महाराष्ट्रात १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा झाला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले दर आले: शासकीय जागेसाठी वर्षाला २,००० रुपये आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ६०,००० रुपये. न्यायालयाने शिक्षण हा हक्क मानला आणि कॅपिटेशन फी अवैध ठरवली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या पैसे भरणाऱ्यांसाठी अशी योजना घालून दिली. २००२ मध्ये टी.एम.ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना रद्द केली. २००३ मध्ये निवृत्त न्यायमूर्तींच्या शुल्क समित्या आल्या आणि २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित संस्थांमधील शासनाचा वाटा आणखी आखडला.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. संस्थेने खर्चाचा हिशेब द्यायचा आणि प्राधिकरणाने त्यावरून फी ठरवायची, अशी ही रीत आहे. नफेखोरीला आळा बसावा हा हेतू चांगला आहे. पण त्या हिशेबात इमारत येते, प्रयोगशाळा येते, पगार येतो, विकासासाठीची वाजवी शिल्लक येते. विद्यार्थ्याच्या घराचे उत्पन्न मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. संस्थेचा खर्च वाजवी आहे का, एवढेच तपासले जाते. तो खर्च या घराला पेलेल का, हे विचारणारे कार्यालयच नाही. शिवाय अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत, आणि वैद्यकीय शिक्षणातले सर्वांत मोठे आकडे तेथेच ऐकू येतात.

सवलतींची चाळण

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फीमाफी आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना निम्मे शिक्षण शुल्क भरते. २०२४-२५ पासून, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. घरात फी एकाचीच भरता येणार असेल तर ती मुलाची भरायची, असा जो मुका निर्णय हजारो घरांत होत आला, त्याला या सवलतीने प्रथमच धक्का दिला.

परंतु सवलत ही चाळण असते आणि चाळणीतून गळणारेच अधिक गरजू असतात. शिक्षण शुल्क माफ झाले, तरी खोलीचे भाडे आणि खानावळ माफ होत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, म्हणून महाविद्यालये ‘आधी भरा, मग परत घ्या’ असे सांगतात. सवलतपात्र विद्यार्थ्यांकडून अशी आगाऊ वसुली करू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी काढल्या आहेत. तरी परीक्षेचा अर्ज अडवण्याची धमकी पुरेशी ठरते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातपडताळणी, आधारला जोडलेले खाते, संगणकावरचा अर्ज यांतला एक कागद चुकला की वर्ष हातचे जाते. आणि व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की सगळीच दारे बंद होतात. त्या कोट्याचा अर्थ पुरता न कळलेला बाप सही करून बसतो.

बँकेचे शैक्षणिक कर्ज हा आणखी एक मार्ग सांगितला जातो. त्याचाही हिशेब करून पाहावा. चार वर्षे दरवर्षी एक लाख उचलले, व्याज १० टक्के सरळव्याजाने धरले आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवड मिळाली, तर पहिला हप्ता सुरू होण्याआधीच चार लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातले व्याज केंद्र शासन भरते. पण संस्थेला किंवा अभ्यासक्रमाला मानांकन असेल तरच. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनाही निवडक, दर्जाप्राप्त संस्थांपुरती आहे. ज्याला चांगल्या संस्थेत जागा मिळाली नाही, त्याला महागडी संस्था आणि महागडे कर्ज, असा हा न्याय आहे.

कर्जाचा परिणाम हप्त्यावर थांबत नाही. कर्ज डोक्यावर असलेला मुलगा पहिली मिळेल ती नोकरी धरतो, पगार कमी असला तरी बोलत नाही, संघटनेत येत नाही. ज्या डॉक्टरच्या शिक्षणात बापाचे रान गेले, त्याला पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या शेवटच्या गावात दवाखाना घालायला सांगण्याचा नैतिक अधिकार समाजाने आधीच गमावलेला असतो. समाजाने पैसा घातला नाही, तर समाजाला मागताही येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की फी घेतल्याशिवाय महाविद्यालये चालणार कशी? भाऊरावांच्या संस्थेलाही काळाच्या ओघात विनाअनुदानित अभ्यासक्रम चालवावे लागले, हे खरेच आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष असा, की चांगली संस्थासुद्धा अनुदानावाचून गरिबाला फुकट शिकवू शकत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करावा असे सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. अर्धशतक उलटूनही जो आकडा धोरणात पुन्हा पुन्हा लिहावा लागतो, तो गाठला गेला नाही हे वेगळे सांगायला नको. पैसा नाही असे म्हणताना, तो कोठे जातो हेही सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. चळवळीतली माणसेही शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर बसली आहेत आणि व्यासपीठावर बाजारीकरणावर टीका करून बैठकीत फीवाढीच्या ठरावावर सह्या झाल्या आहेत. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. वाळवा तालुक्यातल्या ढवळी गावात जन्मलेले प्रा. एन. डी. पाटील हे पक्षाने वेगळे होते. पण २०२२ साली निधन होईपर्यंत, रयत शिक्षण संस्थेची धुरा वाहतानाही, त्यांनी शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्धचा आवाज खाली आणला नाही. संस्थेत राहूनही विरोध करता येतो, हे त्यांच्या आयुष्यावरून शिकता येते.

कार्यकर्त्यांपुढचे काम

मग करायचे काय? मोठी मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यात शासकीय व्यावसायिक महाविद्यालये आणि त्यांतल्या जागा वाढल्या पाहिजेत. साताऱ्यासारख्या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ साली मिळावे, ही दिरंगाई भूषणावह नाही. तालुक्याच्या गावी वसतिगृहे हवीत, कारण फीइतकाच खानावळीचा खर्च घर पोखरतो. फी ठरवताना कुटुंबाचे उत्पन्न हा घटक कायद्यात आला पाहिजे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या कामाला किमान वेतनाच्या तोडीचा मोबदला मिळाला पाहिजे. ती आज नावापुरती राहता कामा नये.

पण मोठी मागणी पूर्ण होईपर्यंत लहान कामे थांबत नाहीत. दर वर्षी मे ते ऑगस्ट या काळात तालुक्याच्या ठिकाणी पक्षाच्या कार्यालयात एक टेबल आणि दोन जाणते कार्यकर्ते बसले, तरी पुष्कळ घरे वाचतील. प्राधिकरणाने त्या महाविद्यालयासाठी किती फी मंजूर केली आहे, हे पालकाला दाखवावे. त्याच्या हातातील पावतीशी ते ताडून पाहावे. ज्या पैशाची पावती नाही तो पैसा १९८७ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे त्याला सांगावे. व्यवस्थापन कोट्याच्या कागदावर सही करण्याआधी सवलत कोणती जाईल हे समजावावे. सवलतपात्र मुलाचा परीक्षेचा अर्ज अडवला गेला, तर पालकाबरोबर महाविद्यालयात जावे, कारण एकटा बाप तिथे हात जोडून उभा राहतो आणि चार माणसे असली की तोच बाप खुर्चीवर बसतो. उसाचे बिल थकले असेल तर पंधरा टक्के व्याजाचा अर्ज साखर आयुक्तांकडे त्याच टेबलावरून जावा. शेतकऱ्याचा लढा आणि विद्यार्थ्याचा लढा एकाच घरातले आहेत. त्यांच्या सभा वेगवेगळ्या का व्हाव्यात?

सर्वांत अवघड काम लाज घालवण्याचे आहे. रान गहाण ठेवलेला बाप ते कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याने विचारले, तर ‘चाललंय की बरं’ म्हणतो आणि विषय बदलतो. शेजाऱ्याचेही रान गहाण आहे, हे त्याला माहीत नसते. ज्या दिवशी गावाच्या पारावर बसून दहा घरे आपापल्या फीच्या पावत्या एकमेकांपुढे ठेवतील, त्या दिवशी हा घराघरातला चोरटा भार गावाचा प्रश्न होईल आणि गावाचा प्रश्न झाल्यावर तो राज्याचा प्रश्न व्हायला वेळ लागणार नाही.

लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते कुणी मागितले म्हणून नव्हे. समोर भुकेली मुले होती आणि ती सर्वांची होती. त्या दागिन्यांचे स्मरण दर वर्षी भाषणांतून होते, हार घातले जातात, डोळे पाणावतात. परंतु त्यांच्या त्यागाचा गौरव करणाऱ्या समाजाने आजच्या आयांकडून तोच त्याग वसूल करण्याची व्यवस्था उभी करावी, यासारखा त्यांचा दुसरा अवमान नाही. यापुढे कोणत्याही आईला लेकराच्या शिक्षणासाठी मंगळसूत्र काढावे लागू नये, म्हणून त्यांनी स्वतःचे काढून दिले होते. त्यांचे ते काम अपुरे आहे आणि ते पुरे करण्याची जबाबदारी त्यांचे नाव घेणाऱ्या प्रत्येकावर आहे.